दुसरी प्रत माहेरी

आमच्या वहिनींनी सीडी लिहायला घेतली की स्टुडिओत कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा नियम होता. नियम मालकाने केलेला नव्हता. उलट मालकालाच शिंक आली की तो नाक दाबून रस्त्यावर धाव घ्यायचा आणि तिथे मोकळा होऊन परत यायचा. स्वतःच्या दुकानात स्वतःच्या नाकाची अशी पंचाईत करून घेणारा मालक मी दुसरा पाहिलेला नाही. विचारलं तर म्हणायचा, "बाईंच्या हातची सीडी परत येत नाही हो. मग शिंक बाहेर गेली तर काय बिघडलं?"

मी पार्सलची गाडी चालवतो. माझा सगळा जन्म घाईत गेला. सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून हॉर्न वाजला तर तो बहुधा माझाच असतो. तेव्हा कामाच्या बाबतीत वहिनींचं आणि माझं जमणं शक्यच नव्हतं. थोरल्या भावाची बायको, पण वयाने माझ्याहून फार मोठी नाही, म्हणून चिडवण्याचा हक्क मी पहिल्या दिवसापासून बजावत आलो. मी त्यांना गोगलगाय म्हणायचो. त्या मला नुसतं "भावजी" म्हणायच्या, पण अशा सुरात की पुढचं काही बोलायची गरज पडायची नाही.

स्टुडिओ मोठा नव्हता. पुढे फोटो काढायची खोली, तिच्यात छत्रीसारखे दोन दिवे आणि एक कायमचं मोडकं स्टूल. मागे एक अरुंद खोली, तिथे वहिनी बसायच्या. लोक लग्नाच्या, शाळेच्या कार्यक्रमांच्या, कुणाच्या तरी भाषणांच्या जुन्या कॅसेट घेऊन यायचे आणि वहिनी त्यांच्या सीडी करून द्यायच्या. ही नोकरी त्यांना दादामुळे लागली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पाट्या रंगवणारा. स्टुडिओची पाटी त्यानेच रंगवली होती आणि शिडीवरून खाली उतरता उतरता मालकाला सांगून टाकलं होतं, "मागे बसायला नीटस माणूस हवंय ना? माझ्या घरात आहे." वहिनींना विचारायची त्याला गरज वाटली नाही. त्यावरून घरात काय झालं ते मी इथे लिहीत नाही.

मी पार्सल उचलायला स्टुडिओत जायचो आणि वहिनींचं चाललेलं बघत दारात चुळबुळत उभा राहायचो. आधी त्या हात धुवायच्या. नुसते धुवायच्या नाहीत, पूर्ण कोरडे करायच्या, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग डब्यातून कोरी सीडी काढायची ती कडेला धरून, एक बोट मधल्या भोकात. चकाकत्या अंगाला बोट लागलं म्हणजे वहिनींच्या लेखी ती सीडी बाटली. खिडकीच्या उजेडात ती तिरकी करून एखादा ठिपका, एखादी रेघ आहे का बघायचं. हे एवढं झालं की मला वाटायचं, चला, सुटलो. पण अजून कशाचा पत्ताच नसायचा. जे लिहायचं ते सगळं आधी संगणकात एका जागी आणून ठेवायचं, एकेक उघडून शेवटपर्यंत बघायचं. कुणी पेन ड्राइव्ह पुढे करून "यातूनच सरळ लिहा की" म्हणालं, की वहिनी तो हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "वाढताना मध्येच भांडं रिकामं झालं तर चालेल का तुम्हाला?" लिहिणारं यंत्र एकदा सुरू झालं की त्याला मागून सलग पुरवठा लागतो, मध्ये खंड पडला की सीडी वाया, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून संगणकावरचं बाकी सगळं बंद, नेटची वायर काढलेली, पडद्यावर आपोआप पोहणारे ते मासेसुद्धा बंद. वीज गेली तर तग धरायला खाली जड बॅटरी होती, तिला पायाच्या अंगठ्याने हलकंच ढोसून तिचा दिवा लागलाय का ते पाहायचं.

आणि मग वेग. संगणक विचारायचा, किती वेगाने लिहू? मी असतो तर सगळ्यात वरचा आकडा दाबला असता. वहिनी नेहमी खालचा निवडायच्या. "घाईत काढलेलं अक्षर घरच्यांना लागतं, परक्याला लागत नाही," असं त्या म्हणायच्या. सावकाश लिहिलेली सीडी कुठल्याही यंत्रात वाचली जाते, हे त्यांनी वापरून वापरून ठरवलं होतं. लिहिणं चालू असताना त्या खुर्ची मागे घ्यायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि टेबलाला कुणी टेकत नाही ना याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायच्या. एकदा माझा गुडघा लागला. वहिनींनी ती सीडी संपल्यावर बाजूला ठेवली, दुसरी घेतली आणि पुन्हा हात धुवायला गेल्या. तेव्हापासून मी पार्सलची वाट रस्त्यावर उभा राहून बघू लागलो. तिथे निदान शिंकायला आलेला मालक तरी बोलायला असायचा.

वाया गेलेल्या सीडी वहिनी टाकून देत नसत. दादाच्या गॅलरीत दोऱ्याला टांगायच्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. तिथे त्या वाऱ्यावर फिरायच्या आणि भिंतीभर उजेडाचे कवडसे नाचायचे. दादा म्हणायचा, "हिच्या चुकासुद्धा कामाला लागल्यात बघ."

सीडी लिहून झाली की ती कायमची बंद करायची, म्हणजे पुढे तिच्यात कुणाला भर घालता येऊ नये. मग तपासायची. आणि आपल्या संगणकात उघडली एवढ्यावर भागायचं नाही, पुढच्या खोलीतल्या जुन्या, कुरकुरणाऱ्या प्लेअरमध्येही लावून बघायची. "आपल्या घरात सगळेच गोड बोलतात. बाहेर काय म्हणतात ते बघायचं." नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या पेनाने, तेही मधल्या भोकाभोवती जी पारदर्शक पट्टी असते तेवढ्यातच. आणि वर कागद चिकटवायचा नाही. याबाबतीत वहिनी फार कडक होत्या. लोकांना वाटतं सीडीची खालची बाजू नाजूक. खरं तर चांदीचा मुलामा असतो वरच्या बाजूला, पातळ लाखेच्या खाली. कागद चिकटवला की सीडी फिरताना डगमगते, आणि तो काढायला गेलं की चांदीच निघून येते. गिऱ्हाइकांना त्या हे इतक्या वेळा सांगायच्या की मलाही पाठ झालं. दादाला तर झालंच होतं. तो त्यांची नक्कल करायचा, बोट हलवून.

यावर सगळं संपलं असं वाटत असेल तर तसं नाही. वहिनी प्रत्येक सीडीची दुसरी प्रत करायच्या आणि गिऱ्हाइकाला बजावायच्या, "एक घरी ठेवा आणि दुसरी माहेरी." नव्या नवऱ्या हसायच्या. पुरुष गोंधळायचे. एकदा एक टक्कल पडलेला हिशेबनीस चिडून म्हणाला, "बाई, मला कसलं माहेर?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ज्या घरातलं कपाट तुम्ही न विचारता उघडू शकता, ते घर. तिथे ठेवा." त्याने टकलावरून हात फिरवला. मग म्हणाला, "बहिणीकडे ठेवतो." पुढे आमच्या इस्त्रीवाल्याच्या घरात छत गळून सगळं भिजलं, आणि त्याच्या लग्नाची सीडी त्याला सासुरवाडीहून परत मिळाली, तेव्हा तो बायकोसह स्टुडिओत येऊन वहिनींच्या कपड्यांना आयुष्यभर फुकट इस्त्री करून देण्याचं कबूल करून गेला. वहिनींनी तो सौदा धुडकावला, कारण त्याची इस्त्री त्यांना पसंत नव्हती.

गंमत अशी, की हे सगळ्यांना सांगणाऱ्या वहिनींना स्वतःला माहेर नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, वडील त्यानंतर फार राहिले नाहीत. मामांकडे वाढल्या. त्यांचं लग्न झालं आणि वर्षभरात मामांनी घर विकलं, मुलाच्या मागे परदेशी गेले. तेव्हा सण नाही, सुट्टी नाही, आजारपण नाही, वहिनी कुठे गेल्याच नाहीत. बाळंतपणही आमच्याच घरात झालं. याबद्दल त्या बोलायच्या नाहीत आणि आम्हीही विषय काढायचो नाही.

माझं लग्न झाल्यावर आम्ही दोन गल्ल्या पलीकडे वरच्या मजल्यावर राहायला गेलो. मग वहिनींना रुसायला जागा झाली. दादाशी काही बिनसलं की त्या दुपारी पिशवी घेऊन आमच्याकडे यायच्या, चपला कशाही काढायच्या, खिडकीजवळच्या खाटेवर आडव्या व्हायच्या आणि माझ्या बायकोला म्हणायच्या, "चहा कर गं. मी उठणार नाही आज." सोसायटीतल्या बायकांपुढे कायम ताठ बसणारी ही बाई आमच्याकडे उशीला पाय लावून लोळायची. संध्याकाळी मी आलो की विचारायचो, "काय, आज कशावरून?" त्या म्हणायच्या, "तुमच्या भावाच्या तोंडाला कुलूप आहे का?"

नव्हतंच. दादा म्हणजे नुसता आवाज होता. शिडीवर उभा राहून, तोंडात ब्रश धरून तो अख्ख्या रस्त्याशी बोलायचा. पाटी रंगवता रंगवता खालून जाणाऱ्या डॉक्टरला औषध सांगायचा, वकिलाला कायदा सांगायचा. हसला की चौथ्या दुकानातला न्हावी वस्तरा थांबवायचा, कारण गिऱ्हाईकही हसू लागायचं. मला हाक मारायचा ती दोन गल्ल्या ओलांडून यायची, फोनची गरज नाही.

म्हणून त्याच्या घशात गाठ आहे, आणि ती काढायची तर आवाजासकट काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं. दादा तेवढा म्हणाला, "पाट्या हाताने रंगवतात, घशाने नाही." घरी येताना वहिनी रिक्षातून बाहेर बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "रविवारी स्टुडिओ बंद असतो. मालकांकडून किल्ली घेते."

त्या रविवारी आम्ही सगळे त्या मागच्या खोलीत कोंबून बसलो. वहिनी, दादा, माझी पुतणी, मी आणि माझी बायको. पुतणी तेव्हा कॉलेजात होती, वसतिगृहावरून आली होती. वहिनींनी दादापुढे माइक ठेवला आणि म्हणाल्या, "बोला." आणि जन्मात पहिल्यांदा दादाला काही सुचेना. त्याने घसा खाकरला. "काय बोलू?" म्हणाला. पुतणी रडायला लागली. वहिनींनी मात्र डोळ्याला पदरसुद्धा लावला नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "परवा त्या औषधाच्या दुकानाची पाटी पाहिली. तुमचा लाल रंग आताशा फिका पडायला लागलाय."

झालं. दादाच्या तोंडाचा पट्टा सुटला. लाल म्हणजे काय, पहिला हात कसला, दुसरा कसला, ऊन कुठल्या बाजूचं, वहिनींना रंगातलं काय कळतं, त्या सीडीला हात लावू देत नाहीत म्हणजे काय स्वतःला शल्यविशारद समजतात का, आणि हा माझा भाऊ, हा घाईघाईने जन्माला आला म्हणून याचं डोकं आईच्या पोटातच राहिलं! बोलता बोलता तो स्वतःच हसायला लागला, आम्ही हसलो, पुतणी रडता रडता हसली. वहिनी मधूनमधून काडी टाकत होत्या, की जाळ विझायला नको. शेवटी दादा दमला. म्हणाला, "पुरे आता. अगं, चहा टाक." ते सगळं वहिनींनी त्याच दिवशी सीडीवर लिहिलं. त्यांचे हात धुणं मी त्या दिवशी पहिल्यांदा कंटाळा न करता पाहिलं.

दादा वाचला. आवाज गेला. त्याच्या गळ्यात एक भोक राहिलं आणि हातात एक छोटं यंत्र आलं. ते गळ्याला टेकवलं की शब्द निघतात, पण डब्यात भुंगा अडकल्यासारखे. तरी तो बोलायचा. पाट्याही रंगवायचा. घरी आल्यावर वहिनींनी एकदाच ती सीडी लावली होती. दादाने स्वतःचं हसणं ऐकलं, उठला आणि गॅलरीत जाऊन त्या फिरणाऱ्या सीडींकडे बघत उभा राहिला. वहिनींनी आवाज बंद केला. पुन्हा घरात ती कधी वाजली नाही.

पुढे सीडीचे दिवस सरले, स्टुडिओ बंद झाला. मालकाने संगणक मोडीत काढले, त्यातलं सगळं पुसून. निरोपाला त्याने वहिनींना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. वहिनींनी त्याऐवजी सीडी लिहायचं ते वेगळं खोकं मागून घेतलं, वायरीने कुठल्याही संगणकाला जोडता येतं ते. मी म्हटलं, "वहिनी, आता हे काय डोक्यावर मारायचंय?" त्या म्हणाल्या, "भावजी." एवढंच.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो. पुतणीचं लग्न झालं, ती दूरच्या शहरात गेली, तिला मुलगी झाली. ती नात चार वर्षांची असताना पहिल्यांदा आजोळी राहायला आली. फोनवर दादा तिला नुसता हात हलवायचा, चित्रं काढून दाखवायचा, त्यामुळे तिला आजोबा फार आवडायचे. घरात शिरताच ती त्याच्या मांडीवर चढली. दादाने आनंदाने यंत्र गळ्याला लावलं आणि तिचं नाव घेतलं. पोरगी किंचाळून खाली उतरली आणि आईच्या मागे लपली. दुसऱ्या दिवशी तिने वहिनींना हळूच विचारलं, "आजी, आजोबांच्या घशात कोण बसलंय?"

दादाने ते ऐकलं. त्यानंतर त्याने यंत्र खिशातच ठेवलं. पोरगी जवळ आली की तो हसायचा, चित्र काढून द्यायचा, पण बोलायचा नाही. गळ्याच्या अशा आजारपणातही न खचलेला माझा भाऊ चार वर्षांच्या पोरीच्या एका प्रश्नाने खचला. मला ते बघवत नव्हतं.

मग त्याच्या डोक्यात आलं, की हिला आपला खरा आवाज ऐकवायचा. जी सीडी त्याने इतकी वर्षं ऐकली नव्हती ती त्याने स्वतः कपाटातून काढली. पण माझा भाऊ पाट्या रंगवणारा. नाव नसलेली वस्तू त्याच्या लेखी बेवारस. नातीला भेट द्यायची आणि तिच्यावर पाटी नाही, हे कसं चालेल? त्याने पांढऱ्या कागदाचा गोल कापला, त्याच्यावर लाल रंगात, काळी सावली देऊन, नक्षीदार अक्षरात लिहिलं: आजोबांचा आवाज. आणि तो सीडीवर छान ताणून, एक सुरकुती न पाडता चिकटवला. ज्या नियमाची आयुष्यभर नक्कल केली तोच नेमका मोडला. वहिनी तेव्हा नातीला घेऊन बागेत गेल्या होत्या. त्या असत्या तर असं झालं नसतं.

मी पोचलो तेव्हा पुतणीच्या लॅपटॉपला ते खोकं जोडलेलं होतं आणि त्यातून खडखड येत होती. वाचत नव्हतं. दादाने सीडी बाहेर काढली. त्याचा चेहरा पडला होता. कागदामुळे होतंय हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण मी "थांब" म्हणेपर्यंत त्याने कागदाची कड नखाने उचलली आणि ओढली. कागद निघाला. त्याच्या मागे चांदी लागून आली, चांगली तळहाताएवढी. सीडीतून पलीकडची खिडकी दिसू लागली.

दादा दोन्ही हातांत दोन्ही वस्तू धरून बसला. एका हातात त्याची सुरेख पाटी, दुसऱ्या हातात ती काच. त्याने यंत्र काढलं नाही. त्याचे नुसते ओठ हलले. पुतणी म्हणाली, "बाबा, मीच फोनवर घेऊन ठेवायला हवं होतं. दर वेळी म्हणायचे, पुढच्या खेपेला." मी विचारलं, "दुसरी प्रत?" आणि विचारता क्षणीच जीभ चावली. दुसरी माहेरी. पुतणीने माझ्याकडे पाहिलं. आईला माहेर नाही, हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं?

तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी सीडी पाहिली, कागद पाहिला, दादाकडे पाहिलं. मला वाटलं, आता फुटतील. इतक्या वर्षांचा नियम, तोही घरच्याच माणसाने मोडलेला. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. वहिनींनी दादाच्या हातातून तो कागद घेतला, उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "लाल रंग फिका नाही हो पडलेला." मग तशाच, चपलाही न काढता, ते खोकं पिशवीत टाकून जिन्याकडे वळल्या. "सगळे भावजींच्या घरी चला," म्हणाल्या.

आम्ही वरात निघाल्यासारखे दोन गल्ल्या ओलांडून गेलो. माझा जीव टांगणीला लागला होता आणि काही कळतही नव्हतं. आमच्या घरी वहिनी सरळ आतल्या खोलीत शिरल्या, आमचं कपाट उघडलं, गरम कपडे बाजूला सारले आणि मागून कापडी पिशवीतलं एक चौकोनी कव्हर काढलं. उभं ठेवलेलं. माझी बायको दारात शांत उभी होती. म्हणजे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ते माझ्या स्वेटरमागे होतं आणि मला पत्ता नाही!

"चालेल का पण ती?" मी म्हटलं. "एवढी जुनी..."

"चालते," बायको म्हणाली. "जाऊबाई दर काही महिन्यांनी पिशवीतून ते खोकं आणून लावून बघतात ना, आपल्या संगणकावर. तुम्ही कामावर असता तेव्हा."

ती पिशवी, ते दुपारचं येणं, ती खाट. दादाशी भांडण झालं म्हणून वहिनी येतात असं मी धरून चाललो होतो, आणि दादाचा आवाज गेल्यावरही त्या तितक्याच वेळा रुसून कशा येतात, हा साधा प्रश्न मला पडला नाही. स्वतःच्या घरात नवऱ्याला नको म्हणून ही बाई त्याचा आवाज आमच्या घरात येऊन ऐकत होती. तपासणीच्या नावाखाली.

वहिनींनी हात धुतले. कोरडे केले. सीडी कडेला धरली, मऊ फडक्याने मधून बाहेर सरळ पुसली आणि खोक्यात ठेवली. टेबलाला कुणी टेकलं नाही. यंत्र घुमलं, थांबलं, पुन्हा घुमलं. नात दादापासून हातभर लांब, आईच्या ओढणीचा शेव धरून उभी होती. आणि दादा बोलला. "काय बोलू?" खोली भरून गेली त्या आवाजाने. मग ते लाल रंगाचं भांडण, ते शल्यविशारद, ते माझ्या डोक्याबद्दलचं, आणि ते हसणं. पोरीला भांडणातलं ओ की ठो कळलं नाही, पण हसणं ऐकून तीही हसायला लागली. "कोण आहे हा?" तिने विचारलं. सीडीतला दादा म्हणाला, "पुरे आता. अगं, चहा टाक." तेव्हा समोर बसलेल्या दादाने खिशातून यंत्र काढलं, गळ्याला लावलं आणि तेच वाक्य म्हटलं, त्याच चालीवर. पोरगी एकदा संगणकाकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. मग जाऊन त्याच्या मांडीवर चढली आणि ते यंत्र हातात घेऊन बघू लागली. दादा रडत होता. मीही रडत होतो, ते कबूल करायला मला लाज नाही.

वहिनींनी त्याच कापडी पिशवीतून दोन कोऱ्या सीडी काढल्या आणि लगेच तिथल्या तिथे लिहायला घेतल्या, सावकाश. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. पुतणीने आधी सगळं फोनवर उतरवून घेतलं. नावं दादाने घातली. पुरुषभर उंचीची अक्षरं काढण्यात जन्म घालवलेला माणूस, मऊ पेन घेऊन, भोकाभोवतीच्या त्या करंगळीएवढ्या पट्टीवर श्वास रोखून लिहीत होता. एक सीडी पुतणीने बॅगेत ठेवली. दुसरी ती आईला देत म्हणाली, "ही माझ्या माहेरी."

सगळे चहाकडे गेल्यावर वहिनी जुनी प्रत परत पिशवीत घालून कपाटात ठेवत होत्या, उभी, माझ्या स्वेटरमागे. मी म्हटलं, "वहिनी, तुमचा नियम तर दुसरी माहेरी ठेवायचा. मग ही माझ्याकडे कशी आली?"

त्यांनी कपाट लावलं आणि मला काही म्हणजे काहीच कळत नाही, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मी रुसून कुठे येते?"